सीटमास्तर आणि कमी पळालेली गाडी

सीटमास्तरांना गाडी चालवता येत नव्हती, हे फार थोड्यांना माहीत होतं. बाकीच्यांचा समज असा की गाड्यांतलं त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही. हा समज मास्तरांनी स्वतः पसरवला नव्हता, पण पसरताना दिसला तेव्हा अडवलाही नव्हता. तरुणपणी एकदा ते हौसेनं स्टिअरिंगवर बसले होते. त्या दिवशी सासरच्या फाटकाचा निकाल लागला आणि सासऱ्यांनी जावयासमोर तोंडातून ब्रही काढला नाही. ते मौन मास्तरांना इतकं झोंबलं की त्यानंतर ते गाडीच्या त्या बाजूला बसले ते फक्त सीट तपासायला.

सीटा शिवणं हा त्यांचा धंदा होता. रस्त्याच्या वळणावर, टायरवाला आणि काचवाला यांच्या मधल्या गाळ्यात त्यांचं दुकान. आत भिंतीला टेकवलेले रेक्झीनचे गठ्ठे, छतापर्यंत रचलेल्या फोमच्या लाद्या, दोन शिलाई मशीन आणि गळ्यात टेप अडकवलेले मास्तर. फोम कापून कापून भुसा उडायचा आणि तो त्यांच्या भुवयांवर बसायचा. त्यामुळे संध्याकाळी ते असायचे त्यापेक्षा बरेच वयस्कर आणि बरेच ज्ञानी दिसायचे.

आयुष्यभर लोकांच्या बसण्याच्या खुणा उसवल्यावर त्यांचा एक सिद्धान्त तयार झाला होता. तो ते गिऱ्हाइकाला ऐकवल्याशिवाय सोडत नसत. "मीटर काय, मागे फिरवता येतो. पण बसलेला फोम कुणाच्या बापाला उठवता येत नाही."

या सिद्धान्तावर त्यांचं नाव झालं होतं. कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की तो आधी मेकॅनिकला विचारायचा, मग मास्तरांना घेऊन जायचा. मास्तर बॉनेटकडे ढुंकूनही बघत नसत. दार उघडायचे, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड अंगठ्यानं दाबायचे, कारण उतरता-चढता मांडी घासून ती कड सगळ्यात आधी मरते. मग कव्हरखाली हात घालून फोम चाचपायचे, सीटबेल्टचा पट्टा पूर्ण ओढून त्याची झिजलेली धार बघायचे, पेडलवरचं रबर बोटानं पुसायचे. आणि मग मालकाचं चरित्र सांगायला लागायचे. हा माणूस पाकीट मागच्या खिशात ठेवायचा. याचा गुडघा दुखायचा. हा बायकोशी भांडला की असं एका अंगावर कलून गाडी चालवायचा. बहुतेक वेळा ते खरं निघायचं. एका विक्रेत्यानं जुन्या फोमवर कोरं कव्हर चढवून गाडी 'जेमतेम वापरलेली' म्हणून लावली होती. मास्तरांनी कव्हराखाली हात घातला आणि म्हणाले, "ही टॅक्सी होती." ती खरोखरच टॅक्सी होती. तेव्हापासून जुन्या गाड्यांच्या बाजारात ते शिरले की दोन-तीन विक्रेत्यांना अचानक बाहेरची कामं आठवायची.

असा हा माणूस, आणि त्याच्या घरात महिनाभर गाडीवरूनच कुरबूर चालली होती. त्याचं कारण त्यांची एकुलती एक लेक.

लेक गुरांची डॉक्टर झाली होती. तिला नोकरी मिळाली ती लांब, डोंगरांपलीकडे, जिथे गोठे एकमेकांपासून कोसभर अंतरावर असतात आणि गाय आजारी पडताना घड्याळ बघत नाही. नोकरीची एकच अट होती, स्वतःची गाडी हवी. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या दुसऱ्या माणसाला ती जागा जाणार. नवी गाडी परवडण्यातली नव्हती. पण घरात बाप असा नामी पारखी असताना जुनी गाडी मिळायला किती वेळ लागणार, असं सगळ्यांनाच वाटलं.

मास्तरांनी पहिली गाडी नाकारली, कारण तिच्या पट्ट्याला कुबट वास येत होता. गाडी पुरात उभी राहिलेली होती, तेव्हा तो नकार रास्तच होता. दुसरी नाकारली, कारण ब्रेकचं पेडल एका कडेला जास्त झिजलं होतं. म्हणजे मालक तापट, आणि तापट माणसाची गाडी आतून पिचलेली असते. तिसऱ्या गाडीत त्यांना काहीच सापडेना. अर्धा तास शोधून ते बाहेर आले आणि म्हणाले की जुनी गाडी इतकी चांगली असूच शकत नाही, यात काहीतरी पाणी मुरतंय. चौथीच्या वेळी त्यांनी सांगितलं की हा रंग बघून गुरं बिथरतील.

रंगांचं गुरांना काय कळतं आणि काय नाही, हे लेक पाच वर्षं शिकली होती.

त्या दिवशी जेवताना बायकोनं विषय काढला. तिनं आवाज चढवला नाही. ताटात वाढता वाढता तिनं विचारलं, "अहो, तुम्ही गाडी शोधताय की गाडी चुकवताय?"

मास्तर म्हणाले की आयुष्यभर लोकांना फसण्यापासून वाचवलं, आता पोटच्या पोरीला भंगारात बसवून पाठवू काय. बोलणं बिनतोड होतं. फक्त बोलताना ते मान खाली घालून जेवत होते, आणि एरवी ते हात हवेत उडवल्याशिवाय एक वाक्य बोलत नसत. बायकोनं हे पाहिलं आणि त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

महिना संपत आला तेव्हा काचवाल्यानं एक पत्ता आणून दिला. एका शांत गल्लीच्या टोकाला एक आजीबाई राहतात, नवरा वर्षभरापूर्वी गेला, त्याची गाडी घरच्या गॅरेजमध्ये उभी आहे आणि फारशी पळालेली नाही. शेवटचं वाक्य ऐकून मास्तरांना हुशारी आली. फारशी न पळालेली गाडी म्हणजे त्यांच्या हातात आयतं सापडलेलं सावज.

गॅरेजचं लाकडी दार आजीबाईंनी स्वतः उघडलं. लहानखुरी बाई, पांढरे केस नीट विंचरलेले, स्वेटरच्या खिशात चावी. आत जुनी पण लखलखीत गाडी उभी होती. लेकीनं चावी फिरवली, मीटरवरचा आकडा उजळला आणि तिच्या भुवया वर गेल्या. गाडी अकरा वर्षांची, आणि आकडा असा की एखादी गाडी एका वर्षात त्याच्यापुढे जाईल.

मास्तरांनी अंगठा पुढे केला. दाराकडची कड मेलेली होती. मधला फोम बसून खड्डा पडला होता, इतका की हात आत घातल्यावर खालची स्प्रिंग लागली. स्टिअरिंग हाताच्या घामानं काचेसारखं गुळगुळीत झालेलं, क्लचच्या पेडलवरची नक्षी पार पुसलेली, गिअरच्या मुठीवरचे आकडे गायब. ते पलीकडे गेले. शेजारची सीटही बसलेली होती, आणि मान टेकायच्या उशीवर एका बाजूला फिकट डाग पडला होता.

मास्तर सरळ उभे राहिले, टेप गळ्यात नीट केला आणि त्यांनी निकाल द्यायला सुरुवात केली. हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात सोपा निकाल होता. साहेब अंगानं भारदस्त, कोपर दारावर टेकवून चालवायची सवय. बाई कायम सोबत, लांबच्या प्रवासात त्यांना डुलकी लागायची आणि मान खिडकीकडे कलायची. दोघांनी मिळून मुलूख पालथा घातला आहे. गाडी मीटर दाखवतो त्याच्या आठपट तरी पळाली आहे.

"काकू, मीटर मागे फिरवलाय," ते जरा मऊ आवाजात म्हणाले. "तुम्हाला ठाऊक नसेल. कुणीतरी तुमच्या साहेबांना किंवा साहेबांनी तुम्हाला अंधारात ठेवलं."

लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजीबाई मात्र रागावल्या नाहीत. त्या मास्तरांकडे कौतुकानं बघत होत्या, जसं वर्गातल्या मुलानं बरोबर रीत करून चुकीचं उत्तर काढावं तसं.

"डुलकीचं कसं हो ओळखलंत?" त्यांनी विचारलं. "लागायची मला. पण गाडी इथून हलायची नाही."

मग त्यांनी सांगितलं. गाडी घेतल्यावर वर्षाच्या आतच नवऱ्याची नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. ते कुणाशी वाद घालत बसले नाहीत, त्यांनी गाडी विकलीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर गॅरेजचं दार उघडलं, गाडीत बसले, पट्टा लावला आणि बायकोला हाक मारली. इंजिन बंद. विचारलं, कुठे जायचं? ती गंमत म्हणून बसली आणि म्हणाली, समुद्रावर. तेव्हापासून रोज. ते क्लच दाबायचे, गिअर बदलायचे, वळणावर हात फिरवायचे. वाटेतली गावं दोघांना पाठ होती. ती थर्मास घेऊन बसायची, घाट आला की त्यांना हळू चालवायला सांगायची.

"एकदा रस्त्यावरून भांडण झालं," आजीबाई म्हणाल्या. "हे म्हणाले नदीकाठचा जवळचा, मी म्हटलं पुलावरचा. इतकं वाढलं की मी रागानं अर्ध्या वाटेत उतरले." त्या हसायला लागल्या. "स्वयंपाकघरात जाऊन बसले. हे दुपारपर्यंत माझी वाट बघत गाडीतच."

मास्तरांना हे पटलं नाही. जुनी गाडी विकताना लोक काय काय गोष्टी रचतात, हे त्यांनी भरपूर ऐकलं होतं, फक्त इतकी चांगली रचलेली ऐकली नव्हती. लेकीनं मात्र सरळ विचारलं की आम्ही गाडी जरा फिरवून आणू का. शेजारच्या मेकॅनिकनं नवी बॅटरी बसवून दिली होती आणि तो मधूनमधून इंजिन चालू करून जायचा, त्यामुळे गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. मास्तर बाईंच्या खड्ड्यात बसले आणि ती दोघं गल्लीतून बाहेर पडली.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर ऊन समोरून आलं. लेकीनं गाडी कडेला घेतली.

"बाबा, समोरची काच बघा."

"काचेचं मला काय विचारतेस?"

"बघा तर. लांब पळालेल्या गाडीच्या काचेवर पुढून उडणारी वाळू बसून बसून बारीक टोचे पडतात. उन्हात ते चमकतात. तुमच्या शेजारचे काचवाले काका मला लहानपणी दाखवायचे."

मास्तरांनी डोळे बारीक केले. काच कोरी होती, नुकत्याच आणलेल्या चष्म्यासारखी. ते खाली उतरले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा फोम सोडून गाडीच्या दुसऱ्या एखाद्या भागापुढे गुडघे टेकले. टायरच्या बाजूला कारखान्याचा छाप असतो, त्यात कुठल्या वर्षीचा टायर ते लिहिलेलं असतं. चारही टायर गाडीच्याच वयाचे निघाले. नक्षी खोल, जेमतेम झिजलेली, पण रबर कडक होऊन त्याला बारीक चिरा गेलेल्या. हे टायर चालून संपले नव्हते, उभे राहून वाळले होते.

मास्तर तिथेच रस्त्याच्या कडेला बसून राहिले. मीटर खरा होता आणि सीटही खरी होती. खोटी होती ती मधे त्यांनी घातलेली गोष्ट. माणसं गाडीत बसतात ती कुठेतरी जायला, याखेरीज दुसरं काही त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्यांना आधी लाज वाटली, मग जरा हसू आलं.

गाडीत परत बसल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. लेकीनं गाडी सुरू केली नाही.

"ही गाडी मी घेणार आहे, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात तरी."

"चांगली आहे," मास्तर म्हणाले. "टायर बदलावे लागतील. रबराचे पाइप, पट्टे, सगळं वाळलं असेल, तेही बघून घे. बाकी घे." मग त्यांनी डॅशबोर्डवरची नसलेली धूळ पुसली. "खरं सांगायचं तर मला तू जायलाच नको आहेस."

"माहीत आहे."

"आईनं सांगितलं?"

"आईला माहीत आहे, मला माहीत आहे. त्या चौथ्या गाडीच्या मालकालासुद्धा माहीत आहे. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, ताई, वडिलांना आधी समजवा, मग गाडी बघायला या."

मास्तरांनी मान हलवली. आपली अब्रू आपल्या परस्पर बाजारात फिरून आली आहे हे कळल्यावर माणसाला एक प्रकारचं हलकं वाटतं, तसं त्यांना वाटलं.

ते परतले तेव्हा आजीबाई गॅरेजच्या दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. मास्तरांनी आधी त्यांची माफी मागितली, नंतर गाडी. त्या म्हणाल्या की माफी कशाला, उलट साहेब असते तर खूश झाले असते, इतका प्रवास केल्याचं कुणीतरी ओळखलं म्हणून. मग सहज बोलावं तसं त्यांनी सांगितलं की या गाडीतून सगळ्यात जास्त वेळा ते दोघं मुलाकडे गेले. मुलगा लांब असतो. पोचलं की त्याच्या दारात दोन मिनिटं थांबायचे आणि परत फिरायचे.

"आणि तो इकडे?" मास्तरांनी विचारलं.

"त्याला वेळ नसतो," आजीबाई म्हणाल्या. "यायचं म्हणतो."

मास्तरांनी लेकीकडे बघायचं टाळलं. व्यवहाराचं बोलणं लगेच उरकलं, घासाघीस झाली नाही. चावी देताना आजीबाई घुटमळल्या आणि म्हणाल्या की हरकत नसेल तर एकदा गाडी चालू असताना बसून बघते. लेकीनं लगेच दार उघडलं. आजीबाई त्यांच्या जागी बसल्या, पट्टा लावला. मास्तर मागच्या सीटवर.

"कुठे जायचं?" लेकीनं विचारलं.

आजीबाईंना पटकन काही सुचेना. इतकी वर्षं ज्यांना चुटकीसरशी समुद्र सुचायचा, त्यांनी शेवटी कोपऱ्यावरच्या पुलापर्यंत म्हटलं. गाडी हलली तशी त्यांनी दाराची मूठ घट्ट धरली. झाडं खरोखर मागे जात होती. वळण आलं आणि त्या सवयीनं म्हणाल्या, "हळू घ्या, पुढे खड्डा आहे." खड्डा होता. लेकीनं गाडी हळू घेतली. मागे बसलेले मास्तर उगाच सीटची शिलाई तपासत राहिले, कारण डोळे पुसण्यासाठी वाकायला काहीतरी निमित्त हवं होतं.

सीटा तशाच ठेवू का, असं त्यांनी परतल्यावर विचारलं. आजीबाईंना हा प्रश्नच अजब वाटला. "नवा फोम भरा की," त्या म्हणाल्या. "पोरीला आमच्या खड्ड्यात कशाला बसवताय?"

मग दोन दिवस मास्तरांनी दुकानात दुसरं काम घेतलं नाही. लेकीला दर थोड्या वेळानं बोलावून नव्या फोमवर बसवत, उठवत, पुन्हा बसवत. सगळ्या गावाच्या बसण्याच्या खोडी त्यांना पाठ, आणि आपली लेक डावा पाय जरा दुमडून बसते हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी तिथे फोमचा एक जादा थर दिला, सुती कापड लावलं आणि शिलाई दुहेरी मारली.

निघायच्या दिवशी सकाळी गाडी दुकानासमोर उभी होती. बायकोनं डबे मागच्या सीटवर रचले, टायरवाल्यानं नव्या टायरांची हवा विनाकारण पुन्हा पाहिली, काचवाल्यानं काच पुसली. लेक स्टिअरिंगवर बसली. मास्तरांना खूप सूचना द्यायच्या होत्या, पण गाडी चालवण्याबद्दल त्यांना सांगण्यासारखं काहीच येत नव्हतं. ते खिडकीपाशी वाकले आणि त्यांनी मीटरवरचा तो लहानसा आकडा एकदा बघून घेतला.

"एवढी कमी पळालेली गाडी आहे, जपून वापरीन," लेक म्हणाली.

"जपू नकोस," मास्तर म्हणाले. "इतक्या वेळा घरी ये की पुढे विकायला काढशील तेव्हा मीटर बघून गिऱ्हाईक पळून गेलं पाहिजे."